मरुतच्या चाकापुढचा ठोकळा

मी चौथीपर्यंत शिकलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी माझं शुद्धलेखन काढायला नको. जर्मनीहून आल्यापासून मारुतीच्या पारावरची मंडळी रोज म्हणतात, आप्पा, तिकडचं सांगा. एकेकाला वेगळं सांगून माझा घसा बसला आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचं तेवढंच ऐकलं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिलेल्यात कुणाला मधे बोलता येत नाही.

मला जायचं नव्हतं. माझा मुलगा नितीन म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याची बायको मृणाल बाळंत व्हायची होती आणि जुळी होती. सोनोग्राफीत डॉक्टरांना दिसलं की एक नीट वाढतंय आणि दुसरं मागे पडतंय. नितीनने हे फोनवर इतक्या सहज सांगितलं की मला तिथेच कळलं, पोरगा घाबरलाय. त्याची आई, म्हणजे आमची कुसुम, त्याच दिवशी डिंक आणि अळीव निवडायला बसली. तिला तिकडे काम होतं. मला काय काम? जिथे आपलं काम नाही तिथे मी जात नाही, असं मी सांगून टाकलं.

मग नितीनने गळ टाकला. म्हणाला, "आप्पा, तुमचं मरुत आहे इथे. आमच्या पुढच्याच स्टेशनला विमानांचं म्युझियम आहे, तिथे उभं केलंय."

"थापा मारू नकोस," मी म्हणालो. "आपलं विमान जर्मनीत कशाला जाईल?"

त्याने फोटो पाठवला. मी चष्मा पुसून पुसून बघितला. तेच होतं. कमरेत आवळलेलं, टोकदार नाकाचं, दोन बाजूंना हवा ओढायची दोन तोंडं. तिकिटाला हो म्हणालो, पण विमानासाठी येतोय असं कबूल केलं नाही. तुझ्या आईला एकटीला पाठवायची नाही म्हणून येतोय, असं म्हणालो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लोहगावला हवाई दलात लास्कर होतो. लास्कर म्हणजे नागरी मजूर. विमान ढकलायचं, त्याच्यावर ताडपत्री घालायची, काढायची आणि मुख्य म्हणजे चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. त्या ठोकळ्यांना आम्ही चॉक म्हणायचो. मरुत आमच्याकडे होतं तोवर त्याच्या चाकांशी माझा संबंध. वर काय चालायचं ते साहेब लोकांना माहीत. खालचं मला माहीत.

उंटरश्लाइसहाइम

पहिल्या सकाळी गॅलरीत उभा राहिलो तर रस्त्यावर माणूस नाही, आवाज नाही. मला वाटलं, शेजारी कुणी गेलंय की काय. नितीन म्हणाला, "आप्पा, रविवार आहे. रूहेत्साइट असते." म्हणजे त्या वेळात कुणी आवाज करायचा नाही, असा कायदा. झाडांना पानं नव्हती, ऊन होतं पण त्याला ऊब नव्हती. आपल्याकडे एवढी शांतता फक्त वाईट बातमी यायच्या आधी असते.

खाण्याचं म्हणाल तर पाव चांगला, पण आधी त्याच्याशी भांडावं लागतं. ब्रेझेल नावाचा गाठीसारखा वळलेला पाव असतो, त्याच्यावर मिठाचे खडे. मी खडे काढून ठेवले आणि पाव खाल्ला, तर मृणाल हसली. त्या दिवसांत ती हसली की बरं वाटायचं. कुसुमने ज्वारीचं पीठ नेलं होतं, पण तिथल्या शेगडीला जाळ नसतो, नुसती काच तापते. भाकरी फुगेना. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या तर छतावरचं धुराचं यंत्र असं कोकलायला लागलं की मृणाल दचकून पोट धरून बसली. नितीनने खुर्चीवर चढून ते बंद केलं. त्यानंतर आमच्या घरात मिरची भाजली गेली नाही. कुसुमने बरोबर आणलेल्या सगळ्या मिरच्या बांधून कपाटात ठेवून दिल्या.

एक गोष्ट मात्र तिला पटेना. मुलांची खोली तयार होती. दोन पाळण्यांसारखे पलंग, कपड्यांच्या घड्या, दारात जुळ्यांची रुंद ढकलगाडी आणि मोटारीत बसवायच्या दोन खुर्च्या. आपल्याकडे बाळ घरात आल्याशिवाय टोपडंसुद्धा आणत नाहीत.

"अरे, असं आधीच मांडून ठेवतात का?" कुसुम म्हणाली.

"आई, ती खुर्ची नसेल तर दवाखान्यातून बाळ घरी न्यायला अडचण होते. इथे आधीच करावं लागतं."

"दोन दोन?"

"आल्झो, म्हणजे दोन आहेत तर दोनच लागणार ना."

तेव्हा मी बोललो. म्हणालो, "आजपासून या घरात कुणी आकडा काढायचा नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला समजावून सांगता येईना, म्हणून इथे सांगतो. आमच्या तळावर रीत होती. विमानं वर गेली की खालच्या माणसाने परत येणारी मोजायची नाहीत. मनात मोजा, तोंडाने नाही. आणि विमान जमिनीवर येऊन, जागेवर उभं राहून, इंजिनं गप्प होईपर्यंत चॉक लावायचा नाही. तो हातात धरून उभं राहायचं. गेनूमामा नावाचे जुने लास्कर होते, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आलं नाही त्याला आलं म्हणू नको.

नितीन म्हणाला, "आप्पा, डॉक्टर आठवड्यातून दोनदा मोजतात त्यांना."

"त्यांना मोजू दे. आपण खालची माणसं आहोत."

कुसुमने एक जुनी चादर काढली आणि दोन्ही खुर्च्यांवर टाकली. तिचं कारण वेगळं, माझं वेगळं. पण चादर एकच.

मला काम नव्हतं. काम नसलं की माझे हात माझ्या जिवाला खातात. इमारतीच्या दाराशी उतार होता आणि ती ढकलगाडी तिथे ठेवली की मला भीती वाटायची. नितीन म्हणायचा, तिला ब्रेक आहे. मी म्हणायचो, ब्रेक वेगळा आणि चॉक वेगळा. खाली तळघरात, त्याला तिकडे केलर म्हणतात, नितीनच्या पलंगाची उरलेली एक जाड फळी सापडली. कोपऱ्यात करवतही होती. कापायला बसलो. थोड्या वेळाने वरची बाई खाली आली. बोलली ते मला कळलं नाही, पण करवतीकडे बोट, मग वर बोट, मग घड्याळ नसलेल्या मनगटावर बोट. पुन्हा रविवार होता. नितीनने तिची माफी मागितली आणि मला वर नेलं. सोमवारी मी फळी पुरी केली. दोन ठोकळे, तिरकी बाजू चाकाला बसेल अशी. दोरीने एकमेकांना बांधले, आमच्यासारखे. पण गाडीला लावले नाहीत. दारामागे ठेवून दिले.

दवाखान्याच्या खेपा

मृणालला दवाखान्यात नेलं की आम्ही दोघं म्हातारी घरात टेलिफोनसमोर बसायचो. परत आल्यावर नितीन आधी जोडे काढायचा, मग हात धुवायचा, मग सांगायचा. त्या जोडे काढण्यात माझा जीव जायचा. मोठं वाढतंय. धाकटं थोडं वाढलं. मग एकदा, धाकटं वाढलं नाही. नाळेतून त्याला रक्त कमी मिळतंय. थांबावं तर एकाला धोका, आत्ता काढावं तर दुसऱ्यालाही लवकर काढल्यासारखं. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडं थांबू, रोज बघू.

मृणाल फार बोलायची नाही. एकदा मला चहा देताना म्हणाली, "आप्पा, धाकटं लाथ मारतं. मोठ्यापेक्षा जास्त मारतं." मी म्हणालो, मारू दे.

त्याच आठवड्यात कुसुमच्या भावाचा फोन आला. चांगला माणूस आहे, पण तोंड सैल. म्हणाला, "दाजी, धीर धरा. काही झालं तरी एक तरी नीट पदरात पडेल."

मी फोन ठेवून दिला. कुसुम म्हणाली, "अहो, तो धीरच देत होता." मला एक दुपार आठवत होती. मरुतला दोन इंजिनं, शेजारी शेजारी. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येतं, ही त्याची मोठी गोष्ट. लढाईतही तसं आलं होतं म्हणतात. आमच्या तळावर मी डोळ्यांनी पाहिलं. एका इंजिनावर आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेब हसत उतरला. मी चॉक लावून उठलो तेव्हा इंजिनाचा फिटर गर्दीत नव्हता. तो बंद पडलेल्या बाजूच्या पत्र्यावर हात टेकून उभा होता. टाळ्या संपल्या, माणसं चहाला गेली, तरी तो तिथेच. एकावर येतं हे खरं. पण ज्याचं दुसरं आहे त्याला तसलं सांगू नये.

विमानांचं घर

एके दिवशी मृणालला दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उघडायचं ठरलं. बाळंतिणीजवळ फक्त नवऱ्याला सोडतात, आपल्यासारखी सगळी आळी दारात उभी राहत नाही. सकाळी नितीन गेला आणि मी घरात येरझारा घालायला लागलो. कुसुम देवापाशी बसली होती. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या पावलांनी माझं देवातलं लक्ष उडतंय. त्या केतकीबरोबर जा कुठेतरी."

केतकी म्हणजे नितीनच्या ओळखीची सांगलीची मुलगी. तिकडे गार्शिंगला विद्यापीठात इंजिनाच्या पात्यांवर पीएचडी करते. आम्हाला सोबत म्हणून आली होती. मी म्हणालो, मी बातमी आल्याशिवाय हलणार नाही. ती म्हणाली, "काका, बातमी माझ्या फोनवर येईल आणि फोन माझ्याबरोबर येईल. मग तुम्ही इथे थांबून काय करणार?" मी जोडे घातले आणि निघालो.

एकच स्टेशन. पुढे एक जुना राजवाडा, त्याच्या मागे जुनं धावपट्टीचं मैदान आणि मोठ्या शेडमध्ये विमानं. आत गेल्यावर पहिल्यांदा वास शोधला. रॉकेलचा, तापलेल्या रबराचा. काही नव्हतं. फरशी अशी स्वच्छ की जेवायला बसावं. एकाही विमानाखाली तेलाचा थेंब नाही. आमच्याकडे प्रत्येक विमानाखाली ट्रे असायचा, कारण जिवंत विमान थोडं गळतंच.

आणि मग ते दिसलं.

मला वाटलं होतं मी रडेन वगैरे. तसं काही झालं नाही. मी आधी त्याची चाकं बघितली. टायरात हवा बरी होती.

केतकीने पाटी वाचून दाखवली, मी तिला पाटीवर नसलेलं सांगितलं. हे आपल्या देशाने केलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. आराखडा एका जर्मन साहेबाचा. महायुद्ध हरल्यावर जर्मनांना विमानं करायची मनाई झाली, तेव्हा तो साहेब आधी दक्षिण अमेरिकेत गेला आणि मग आपल्याकडे बंगलोरला आला. तिथे आपल्या माणसांना हाताशी धरून त्याने हे उभं केलं. आधी याच मापाचं लाकडी विमान केलं, इंजिनाशिवाय. डाकोटा विमानाने दोरीने ओढून वर नेलं आणि सोडून दिलं, उतरतं कसं ते बघायला. मग धातूचं. नाकात चार तोफा. चारी एकदम सोडल्या तर विमान आतून हादरायचं, असं साहेब लोक बोलताना मी ऐकलंय. पण जमिनीलगत असं सरळ जायचं की जणू रुळावर चाललंय.

"आणि आवाजाच्या पुढे जायचं," मी म्हणालो.

केतकी जरा थांबली. "काका, लेव्हल फ्लाइटमध्ये नाही जायचं. सूर मारला तर जेमतेम."

"तू होतीस तिथे?"

"नव्हते. पण हे डॉक्युमेंटेड आहे. ह्याची बॉडी आवाजाच्या दुप्पट वेगासाठी डिझाइन केली होती. तसं इंजिनच मिळालं नाही. मग ही छोटी दोन इंजिनं बसवली. त्यांना ती बॉडी झेपायची नाही."

"झेपायची नाही म्हणजे काय? उडायचं की नाही?"

"उडायचं."

"लढलं की नाही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, लढलं. मी नाही म्हणतच नाहीये, काका. मी म्हणतेय, त्याला त्याचं इंजिन मिळालं असतं तर..."

"मिळालं नाही तर नाही. जे मिळालं त्याच्यावर ते उडालं. त्याला लहान म्हणायचं नाही."

माझा आवाज चढला असावा. लांबची दोन माणसं वळून बघायला लागली. आपण विमानाविषयी बोलत नाही हे बहुतेक तिलाही कळलं आणि मलाही.

मी वळलो तेव्हा मला तो चॉक दिसला. उजव्या मागच्या चाकापुढचा लाकडी ठोकळा टायरला टेकलेला नव्हता, वीतभर लांब होता. असा चॉक मी आयुष्यात कधी ठेवला नाही, कुणाला ठेवू दिला नाही. मधे दोरी होती. मी दोरीखालून वाकून गेलो आणि पायाने ठोकळा टायरला भिडवला. सवयीने वर, वैमानिकाच्या जागेकडे बघून अंगठाही दाखवला. वर कुणी नव्हतं.

"नाइन, नाइन!" पहारेकरीण धावत आली. माझ्याच वयाला आलेली बाई, चष्मा साखळीने गळ्यात, कमरेला किल्ल्या. मला हाताने बाहेर काढलं आणि केतकीला फाडफाड बोलायला लागली. केतकी माफी मागतेय, मी माझ्या बाजूने मराठीत सांगतोय की बाई, तुमचाच ठोकळा नीट केला. तेवढ्यात केतकीचा फोन वाजला.

नितीन. तिने मोठ्या आवाजावर लावला. मोठी आली, मुलगी, चांगली रडली. मृणाल बरी आहे. आणि धाकटा मुलगा. तो रडला नाही. त्याला आतल्या खोलीत नेलंय. कुणी काही सांगत नाहीये. "आप्पांना सांग," म्हणाला आणि फोन ठेवला.

माझं लक्ष त्या चाकाकडे गेलं. विमान अजून वर आहे आणि मी चॉक लावून बसलोय. आलं नाही त्याला आलं म्हटलंय. तेही कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या पायाने. मी पुन्हा दोरीकडे गेलो. बाईने दोन्ही हात पसरले.

"केतकी, तिला सांग मला तो ठोकळा मागे घ्यायचाय."

"काका, आता पुरे. ती सिक्युरिटी बोलावेल."

"बोलावू दे. तो मागे घेतल्याशिवाय मी इथून जात नाही. पोलीस आले तरी नाही."

"काका, हे विमान आता कधीच उडणार नाहीये. त्या ठोकळ्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो. तू तिला सांग."

तिने काय सांगितलं मला माहीत नाही. बाई ऐकत होती, माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत होती. चेहरा जरासुद्धा बदलला नाही. मग तिने बोट करून फरशीवर दाखवलं. चाकापुढे जमिनीला एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. ठोकळ्याची जागा. प्रत्येक वस्तू ठेवली तिथेच राहिली पाहिजे, तिचे फोटो काढून ठेवलेत, पाहुण्याला ती हलवायचा अधिकार नाही, असं ती म्हणत होती. मग ती स्वतः दोरी ओलांडून आत गेली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि ठोकळा ओढून त्या पट्टीला बरोबर लावला. वीतभर लांब. डोळा बारीक करून पुन्हा बघितलं, नखभर सरकवला.

तिने तिच्या नियमासाठी केलं. मी तिला दोन्ही हात जोडले. तिला वाटलं मी माफी मागतोय. मान डोलावून तिने कोपऱ्यातली खुर्ची आणून मला दिली. बहुधा मी पडेन असं तिला वाटलं असावं.

मी त्या खुर्चीत बसलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. शाळेची मुलं आली, गेली. केतकी शेजारी जमिनीवर बसली होती. तिने बॅगेतून सफरचंद काढलं, मला विचारलं, मी नको म्हणालो, तिनेही परत ठेवून दिलं. मी त्या विमानाच्या पोटाकडे बघत होतो. मधे ती हळूच म्हणाली, "मघाशी मी उगाच..." मी म्हणालो, "तुझं बरोबर आहे. जायचं नाही ते आवाजाच्या पुढे. आम्ही गावात तसं सांगायचो."

मग फोन वाजला. केतकीने माझ्या हातात दिला.

"आप्पा, रडला," नितीन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "उशिरा रडला. फार बारीक आहे. पण श्वास घेतोय. काचेच्या पेटीत ठेवलाय. थांबा, ऐका." त्याने फोन तिकडे धरला.

माझे कान मरुतने नेले आहेत. त्या काळी आम्हाला कानात घालायला कापूससुद्धा कुणी द्यायचं नाही. मी फोन कानावर दाबला, तरी मला नुसती यंत्राची घरघर ऐकू आली. मी फोन केतकीच्या कानाला लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती ऐकत होती. मग तिने मान हलवली.

"रडतोय, काका. मांजरासारखा. पण खूप चिडलाय."

मी उठलो. पहारेकरणीने बघितलं. मी त्या ठोकळ्याकडे गेलो नाही. तो अजून लावायचा नव्हता. रडला म्हणजे आला नव्हे.

काचेची पेटी

त्यानंतरचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत, पण एक गोष्ट सांगतो. तिकडे अशा बारीक मुलाला बापाच्या उघड्या छातीवर झोपवतात. नितीन शर्ट उघडून खुर्चीत पडलेला आणि त्याच्या छातीवर ते एवढंसं, नाकात नळी. मला आधी लाज वाटली, मी खिडकीकडे तोंड केलं. नितीन झाला तेव्हा मी त्याला बारशापर्यंत हातात घेतलं नव्हतं, आपल्यात कोण घेतं? मग वळून बघितलं. नितीन डोळे मिटून हळूहळू श्वास घेत होता, आणि ते पोरगं त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मी बघत उभा राहिलो. परिचारिका मला बाहेर जा म्हणाली नाही.

मुलगी मृणालबरोबर आधी घरी आली. कुसुमने ओवाळलं, भाकरतुकडा टाकला. सगळे माझ्याकडे बघत होते, आता तरी आप्पा काही बोलतील. मी मुलीला बघितलं, छान म्हणालो. एका खुर्चीवरून चादर कुसुमने आधीच सरकवली होती, दुसऱ्या खुर्चीवरून मी ती सरकवू दिली नाही. मिरच्या कपाटातच होत्या.

"आप्पा, एवढी हट्टी माणसं नसतात हो," मृणाल म्हणाली. पण चादरीचं टोक तिनेच सारखं केलं.

झाडांना पानं फुटली, हिरवी कच्च. पावसाने एक आठवडा खाल्ला. धाकट्याचं वजन कधी वाढायचं, कधी नाही. नितीनचं जोडे काढणं चालूच होतं.

मग एका दुपारी नितीनने फोन केला की खुर्ची घेऊन या. दुसरी. कुसुमने चादर काढली, घडी केली. केतकी आली आणि ती खुर्ची घेऊन गेली. मी गेलो नाही. माझी जागा खाली होती. मी दारामागचे ठोकळे काढले आणि इमारतीच्या दाराशी, ढकलगाडीजवळ, हातात घेऊन उभा राहिलो. मृणाल मोठीला घेऊन खाली आली आणि तिला गाडीत एका बाजूला ठेवलं. कुसुम ओवाळणीचं ताट घेऊन दारात. वरची बाई जाताना थांबली, माझ्या हातातल्या ठोकळ्यांकडे बघितलं, ओळखलं, आणि थोडी बाजूला उभी राहिली.

मोटार आली. नितीनने खुर्ची उचलून आणली, पट्टा सोडला आणि धाकट्याला गाडीत मोठीच्या शेजारी ठेवलं. टोपडं त्याच्या डोळ्यांवर आलं होतं. त्याने लाथ मारली.

"आप्पा, ब्रेक लावलाय हां," नितीन म्हणाला.

मी गुडघे टेकले. आता मला खाली बसायला वेळ लागतो आणि उठायला त्याहून. उजव्या चाकाला एक ठोकळा भिडवला, डाव्याला दुसरा. हाताने दाबून बघितले. घट्ट होते. मग वर बघितलं आणि तोंडाने मोजलं.

"दोन."

कुसुमने ताटातली वात हाताने सावरली.

"झालं ना मोजून?" ती म्हणाली. "मग उठा आता. ओवाळू द्या मला. पोरांना वारा लागतोय."